यंदा हा चमकणार

पांढुर्ण्यात दर साली कोणीतरी चमकणार असायचं. कोण, ते बाजारातल्या कापडवाल्या काकांच्या गादीवर ठरायचं. काकांनी जन्मात कधी धाव घेतली नव्हती, की कुस्तीची लाल माती अंगाला लावली नव्हती. कापड मोजायचा लोखंडी गज एवढाच त्यांचा व्यायाम. पण कोणता खेळाडू कधी वर येणार हे त्यांना गादीवर बसल्या बसल्या कळायचं. एका साली त्यांनी एका पैलवानाचं नाव घेतलं. त्याला सासऱ्याने किराणा दुकानात बसवलं आणि तो तिथेच गुळाबरोबर फुगला. पुढल्या साली एक धावणारा होता. तो धावला खरा, पण एका नाटक कंपनीच्या मागे. भविष्य चुकलं की काका म्हणायचे, "पोट्टा चमकलाच असता, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे चहा यायचा.

मी मूळची सौंसरची. वडील तिथल्या कचेरीत कारकून होते. पांढुर्ण्याला माझी मावशी दिलेली, म्हणून येणंजाणं असायचं. ही गोष्ट नागपूर आपलं राहिलं नाही त्या वर्षाची, म्हणजे छप्पन सालची. तोवर नागपूर म्हणजे आमच्या प्रांताची राजधानी. नोकरी तिकडे, औषध तिकडे, लग्नाचा शालूही तिकडूनच यायचा. प्रांत मोडून नवे होणार, अशी कुजबुज होती. पण नागपूर आपल्या हातून जाईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, काकांच्या तर नव्हतंच.

त्याच्या थोडं आधी पांढुर्ण्याच्या शाळेत एक ड्रिल मास्तर आले आणि त्यांनी बास्केटबॉल आणला. बॉल आला, पण त्याला लागणारं लोखंडी कडं आलं नाही. मग दोन सागवानी बल्ल्या पुरल्या आणि वर संत्र्याच्या टोपल्या बांधल्या. टोपलीचं बूड कापायचं कितीतरी दिवस कोणाला सुचलं नाही. बॉल पडला की एकाने बल्लीवर चढून तो काढायचा, आणि तोवर दोन्ही बाजूंनी विड्या ओढायच्या. शेवटी मास्तरांनी स्वतः विळा मागवला.

या खेळात एक मुलगा निघाला. जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलणाऱ्या माणसाचा पोरगा, मॅट्रिक झालेला, ताडमाड उंच. मावशीच्या दारातून आत यायचं तर त्याला वाकावं लागायचं. त्याचा जोडीदार जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. तो बॉल फेकायचा आणि हा न बघता झेलायचा, इतकं दोघांचं जमलेलं. नागपूरला सामने झाले तेव्हा तिथल्या एका कापड मिलच्या साहेबाने याला पाहिलं. त्या मिलची स्वतःची टीम होती. खेळाडूंनी हजेरीला सही करायची, संध्याकाळी बॉल खेळायचा आणि महिन्याला पगार घ्यायचा. साहेब म्हणाला, दसऱ्यानंतर ये, हात बघतो आणि ठेवून घेतो.

झालं. काकांनी गादीवरून जाहीर केलं, "यंदा हे पोट्टं चमकते म्हंजे चमकते. दसऱ्यानंतर नागपूरच्या वाटेला लागते. लिहून ठेवा."

माझ्या वडिलांनी मनात लिहून ठेवलं. त्यांनी तो खेळ पाहिला नव्हता. बॉल पायाने मारतात की हाताने, हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. पण नागपूरची मिल म्हटल्यावर त्यांना पुढचं काही ऐकूच येईना. पत्रिका जुळत नव्हती, ती त्यांनी जुळवून घेतली. "जावई पाहिला का?" असं ते कचेरीत ज्याला त्याला विचारायचे. "दरवाजा ठेंगणा पडते त्याले!" साखरपुडा उरकला. लग्न मात्र मिलचं काम पक्कं झाल्यावर, मार्गशीर्षात. म्हणजे माझं लग्न माणसाशी ठरलं नव्हतं, त्याच्या पुढल्या सीझनशी ठरलं होतं.

मी त्याला खेळताना एकदाच पाहिलं, सौंसरच्या मैदानावर. आम्ही मुली विहिरीपाशी उभ्या होतो, पाणी भरायचं निमित्त करून. तो टोपलीखाली यायचा, उजवा हात सरळ वर जायचा, बोटं अशी उघडायची आणि बॉल आत पडलेला असायचा. त्यात घाई नसायची. मला तो आवडला. हे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही, आता सांगायला कोणाच्या बापाची भीती आहे?

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगताना अजूनही लाज वाटते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला वर झेंडी बांधतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि मध्ये दिवसभर दगड. झेंडी काढून पांढुर्ण्याने देवीच्या देवळात नेली की खेळ संपला. वर्षभर एकमेकांकडे जेवणारी माणसं त्या दिवशी एकमेकांची डोकी फोडतात, आणि दुसऱ्या दिवशी जखमींना बघायला जाताना भाकरी बांधून नेतात.

आता काकांची अक्कल पाहा. त्यांनी हिशेब मांडला तो असा: झेंडी काढायला माणूस झाडावर चढतो आणि चढताना दगड खातो. पण माणूसच एवढा उंच असला तर चढायचं काहून? खाली उभं राहायचं, हात वर करायचा, झेंडी हातात. "टोपलीत बॉल टाकते ना? मंग झेंडी काय चीज आहे!" सगळ्या गादीने माना डोलावल्या. ज्या हातावर मिलचा साहेब लट्टू होता, तो हात दसऱ्याच्या तोंडावर दगडांत घालायचं ठरलं, आणि ठरवणारे सगळे त्याचेच हितचिंतक. ड्रिल मास्तर तेवढे ओरडले. पण ते बाहेरगावचे, त्यांना काय कळतं?

पोळ्याच्या दिवशी मावशीने त्याला जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळीवर तूप वाढायला मी गेले आणि मावशी आत वळल्याबरोबर म्हणाले, "उद्या नदीवर नका जाऊ."

तो चमकला. साखरपुड्यानंतर आमचं हे पहिलंच बोलणं.

"सारं गाव म्हणून राहिलं. नाही कसं म्हणू?"

"दसऱ्यानंतर तुमची परीक्षा आहे ना?"

"परीक्षा हाताची आहे. दगडं तर डोक्यावर बसतात," असं म्हणून तो हसला. मी हसले नाही हे बघून खाली मान घालून म्हणाला, "तुमच्या बाबांनीच सांगितलं. म्हणाले, जावयानं झेंडी आणली पाहिजे. ते खास पाहायला येऊन राहिले."

मी तुपाची वाटी तिथेच आपटली. मावशीला वाटलं मांजर आलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या माडीवर होते. माडीवरून नदी दिसायची. काठावर काका छत्री उघडून बसले होते, दगड पोचणार नाही इतक्या लांब, आणि त्यांच्या शेजारी माझे तीर्थरूप. दुपार कलली तसा तो डोक्याला फडकं बांधून पाण्यात उतरला. झाडापाशी पोचला. उजवा हात वर गेला, अगदी टोपलीखाली जायचा तसा, घाई न करता. तेवढ्यात पलीकडून दगड आला आणि त्याचा हात खोडावर चेचला गेला. आवाज मला ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी कानांवर हात ठेवले.

पण झेंडी त्याने आणली. डाव्या हाताने उपटली आणि आणली. वाजतगाजत त्याला देवळात नेलं. हाताला देवीची भभूत फासली, खांद्यावर घेऊन नाचवलं. माझे वडील गुलालात न्हाले होते. दवाखान्याची आठवण दिवेलागणीला झाली. डॉक्टरांनी फळी बांधली, नंतर छिंदवाड्यालाही नेलं. हाडं जुळली, बोटं मात्र ताठ राहिली. चारही. मूठ वळायची म्हणून वळेना.

त्या संध्याकाळी सावरगावचा त्याचा जोडीदार नदी ओलांडून आला आणि दवाखान्याच्या पायरीवर लहान पोरासारखा रडला. "दगड माझाच होता गा. मी गर्दीत फेकला, तुले पाह्यलंच नाही." हा आतून डाव्या हाताने त्याला खुणावत होता, की असू दे, आत ये. काका तिथेच उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "नेम पाह्य पोट्ट्याचा! नदीच्या त्या काठावरून! यंदा हा चमकते."

तो सावरगाववाला पुन्हा कधी बॉल खेळला नाही. त्यावर गादीने ठराव केला की पोरगा मूर्ख आहे, आलेली संधी लाथाडतो.

दसरा गेला. मिलच्या साहेबाने दुसरा कोणी घेतला असेल. दिवाळीच्या सुमाराला प्रांत मोडला. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या वाट्याला आलो, जे आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. गादीवर एक दिवस सुतक पाळलं. दुसऱ्या दिवशी काकांना उजाडलं. "आता पाहा, त्याचा हात मोडला ते बरंच झालं. नाही तर पोट्टं गेलं असतं ना परराज्यात! देवीनंच वाचवलं." हे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितलं. तो "हो काका" म्हणाला. मी असते तर त्यांचा तोच लोखंडी गज उचलला असता.

माझे वडील घरी आले आणि न बसता म्हणाले, "सोयरिकीचं पुढच्या साली पाहू. हात बरा होऊ दे."

"नाही झाला तर?"

"तर दुसरं पाहू."

"तुम्ही मला माणसाला देऊन राहिले होते, की नागपूरच्या मिलला?" मी विचारलं. "मिल तर गेली परराज्यात. माणूस इथंच आहे. तुम्हीच त्याले नदीत पाठवलं."

त्यांनी कोट खुंटीला लावला आणि पाठ करून उभे राहिले. त्यांना पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. त्यांनी आणखी दोन ठिकाणी पत्रिका धाडल्या. मोडलेल्या साखरपुड्याची मुलगी कोण घेतो? पत्रिका परत आल्या, तेव्हा त्यांना माझं म्हणणं पटलं.

दरम्यान त्याला नोकरी लागली. नव्या राज्याची नवी हद्द पडली, नागपूरच्या रस्त्यावर नाका बसला, आणि नाक्यावर आडवा बांबू वरखाली करायला माणूस हवा होता. संत्र्याच्या गाड्या नागपूरला जाताना तो डाव्या हाताने दोरी ओढायचा आणि वाट मोकळी करून द्यायचा. दसऱ्यानंतर नागपूरच्या वाटेला लागणार, हे काकांचं भविष्य तेवढ्यापुरतं खरं झालं.

आमचं लग्न वैशाखात झालं, मावशीच्या अंगणात. मांडवात शिरताना तो वाकला. काका पहिल्या रांगेत, फेटा बांधून. सोयरीक मीच जुळवली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. भटजींनी म्हटलं, "वधूचा हात धरा." त्याने उजवा हात पुढे केला. बोटं सरळच्या सरळ, फळीसारखी. भटजींना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी मोठ्याने म्हटलं, "धरा." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि अख्खा मांडव त्या बोटांकडे पाहत होता.

मी त्याचा हात धरला. माझ्या दोन्ही हातांत, घट्ट. भटजींनी पुढचा मंत्र म्हणायला घेतला.

मागून काकांचा आवाज आला, "वळते, वळते. पुढल्या सालपर्यंत मूठ वळते म्हंजे वळते. लिहून ठेवा."