जिभेवर घेतलेला रंग

आत्याबाई कोणतंही कापड आधी जिभेवर घ्यायची आणि मग हातात. साडीच्या काठाचं आतलं टोक जिभेच्या शेंड्याने ओलं करायचं आणि स्वतःच्या पांढऱ्या पदरावर घासायचं. पदराला रंग लागला नाही तर ती म्हणे, "चालतंय." लागला तर म्हणे, "रडून राह्यलं हे." निकाल लागला, अपील नाही. तिच्या पदराकडे नुसतं पाहिलं तरी आमच्या दुकानात यंदा कुठला माल फसवा निघाला ते कळायचं. हिरवे, जांभळे, राणी रंगाचे बोटभर डाग. धुवून धुवून फिके व्हायचे, पण जायचे नाहीत.

ती माझी सख्खी आत्या. नवरा लवकर गेला म्हणून भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे राहायला आली. वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी अंबडला स्टँडच्या मागच्या गल्लीत साड्यांचं दुकान टाकलं. त्यांना कापडातलं काही कळत नव्हतं आणि तो वारसा मी निष्ठेने चालवला. दुकान तगलं ते उंबऱ्याजवळ गादीच्या टोकाला बसलेल्या आत्यामुळे. पौर्णिमेला विहारात जाताना पांढरं नेसायचं, ते हळूहळू तिचं रोजचंच झालं होतं. मिसरीची डबी कमरेला आणि नजर येणाऱ्या बाईच्या पायांकडे. चपलेवरून ती बाई कुठल्या गावच्या एसटीतून उतरली ते ओळखण्याचा तिचा दावा होता. तो बहुतेक वेळा चुकायचा, पण त्या निमित्ताने ओळख निघायची.

एकदा एका मुख्याध्यापिका बाईंना मी सिल्क दाखवत होतो. दोन्ही हातांनी पदर पसरून मी तोंडाने जेवढं खोटं बोलता येतं तेवढं बोलत होतो. आत्याने शांतपणे पुढे वाकून काठाचं टोक जिभेला लावलं. बाईंनी साडीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय चाललंय?"

"लॅब टेस्ट," मी म्हणालो.

बाई पायऱ्या उतरून गेल्या. मी कपाळाला हात लावला. आत्या पदरावरचा लाल डाग मला दाखवत म्हणाली, "जाऊ दे सुध्या. रडतच व्हतं ते."

सगळ्यात कडक परीक्षा असायची भीमजयंतीच्या मालाची. एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या बाया, आसपासच्या गावांतल्या बाया निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या घ्यायला आमच्याकडे यायच्या. रंगीत साडीतला रंग थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही. पण निळा काठ पांढऱ्यात उतरला की संपलं. आत्या म्हणायची, "पांढऱ्याला लपायला जागा न्हाई, बाबा." एरवी एक टोक चाखणारी ती जयंतीच्या प्रत्येक गठ्ठ्यातून तीन-चार साड्या उपसायची. संध्याकाळपर्यंत तिची जीभ निळी झालेली असायची. माझी बायको प्रज्ञा चिडायची, "आत्या, पोटात जातंय ते सगळं." आत्या जीभ बाहेर काढून तिला वेडावून दाखवायची. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई.

आता माझी अक्कल सांगतो. त्या वर्षी मला मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून धंद्याचं ज्ञान झालं होतं. दुकान चालवायचं तर इन्फ्लुएन्सर पाहिजे, असं मी जेवताना, झोपताना, विहारातून येताना बोलत असे. शेवटी छत्रपती संभाजीनगरची एक रीलवाली मुलगी ठरवली. आत्याला सांगितलं, "लाखावर माणसं तिच्या मागं आहेत."

"मागं हायेत? अन् ती कुठं चाललीय?"

मुलगी आली. गोल दिव्याचा स्टँड आला, तिचा फोन धरणारी मैत्रीण आली. मुलगी गोड होती, उगाच खोटं कशाला सांगू. साडी तिला नेसता येत नव्हती, तर ती सरळ आत्यापुढे जाऊन उभी राहिली, "आजी, तुम्हीच नेसवा." आत्याने तोंडात पिना धरून जीन्सवरून तिला जयंतीच्या नव्या मालातली साडी चापूनचोपून नेसवली. मग विचारलं, "पोरी, तू ही घालतीस का घरी?"

"नाही हो आजी. मी फक्त दाखवते."

"मंग बराबर. दाखवायला चालतंय."

मी त्या रीलमध्ये आहे. मागे उभा राहून दोन्ही अंगठे वर करून कमरेत हलणारा जो जाड माणूस दिसतो, तो मीच. हलायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आत्या त्यात नाही, कारण डागांचा पदर चित्रात येत होता म्हणून मीच तिला म्हणालो, "आत्या, जरा आत बस." ती उठून आत गठ्ठ्यांजवळ जाऊन बसली. तिथे बसून दुसरं काय करणार, तिने गठ्ठा सोडला आणि टोक जिभेवर घेतलं. दिवा विझल्यावर तिने मला बोलावलं. पदरावर निळा ओघळ होता.

"सुध्या, हे रडून राह्यलं."

"आत्या, रील गेलं."

"गेलं तर वापस बोलव."

रील वापस येत नाही. रील चाललं, आणि असं चाललं की परतूरच्या गाडीने बाया आल्या. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. जयंतीचा सगळा माल आठवडाभर आधीच संपला. आत्या तेवढे दिवस उंबऱ्याशी बसून होती, पण कुणाला काही बोलली नाही. माझ्याशीही नाही. तोंड उघडावं तर दुकान बुडतं, न उघडावं तर शब्द बुडतो, अशी मी तिची गोची करून ठेवली होती आणि स्वतः पेढे वाटत होतो.

जयंतीच्या दिवशी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मिरवणुकीतल्या माणसांवर कुणीतरी बादल्यांनी पाणी शिंपडू लागलं. मी चौकात सरबत वाटत होतो. मिरवणूक जवळ आली आणि मला दिसलं, की पुढच्या रांगेतल्या बायांच्या कमरा निळ्या, पोटऱ्या निळ्या, हात निळे. मी सरबताच्या पिंपामागे बसलो. तिथून डोकावून पाहतो, तर रांगेच्या अगदी पुढे आत्या. त्याच मालातली साडी नेसलेली. घामाने, पाण्याने तिचं अंग बायांपेक्षाही जास्त निळं झालेलं. माहीत असून नेसलेली ती त्या गर्दीत एकटीच होती.

एक बाई हसत म्हणाली, "आत्याबाई, तुमचं बी?"

"माहं बी. उद्या घेऊन या सगळ्याजणी, बदलून देऊ."

घरी आल्यावर मी विचारलं, हे कामून केलंस. ती पायावर पाणी घेत म्हणाली, "दुकान आपलं, माल आपला. मंग लाज एकट्या बायांची कामून?"

दुसऱ्या दिवसापासून बाया आल्या. आत्याने प्रत्येकीच्या समोर बदली साडीचं टोक जिभेवर घेतलं, पदरावर घासलं आणि मगच ती हातात दिली. प्रज्ञाने गंमत म्हणून ते फोनवर घेतलं. गोल दिवा नाही, गाणं नाही. एक म्हातारी साडी चाखते, कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "हे रडतंय, घेऊ नका. त्या कोपऱ्यातलं घ्या. चालतंय." प्रज्ञाने ते टाकलं, आणि मला मान्य करावं लागतं की माझ्या कंबर हलवण्यापेक्षा ते कितीतरी पटींनी चाललं. स्वतःच्याच दुकानातला माल घेऊ नका म्हणणारी बाई लोकांनी बघितली नव्हती.

मग रांग लागली. क्लासवाले आले, सोनार आला. एक फ्रीजच्या दुकानाचा मालक फुलांचा गुच्छ घेऊन आला, "आजी, फक्त एवढंच म्हणायचं, चालतंय." आत्याने गुच्छ बाजूला ठेवला. "बाबा, फ्रीज मी चाटू कसा?" तो बिचारा खूप हसला आणि चहा पिऊन गेला. मी मात्र आतून जळत होतो. आता घरातच इन्फ्लुएन्सर आहे आणि ती फक्त साड्यांपुरती वाया चालली आहे, असं मला मनापासून वाटायचं.

दर थोड्या दिवसांनी प्रज्ञा आत्याचं नवं रील टाकायची आणि मी ते पुन्हा पुन्हा बघायचो. जेवताना, गल्ल्यावर, अंथरुणात. एके दिवशी प्रज्ञाने माझ्या हातातून फोन घेतला, एक जुनं रील लावलं, मग एक नवं, आणि विचारलं, "तुम्हाला काही दिसतं का?"

"वाढलेत की," मी म्हणालो.

"आकडे नाही. आत्याकडे बघा."

जुन्या रीलमध्ये आत्या कापड जिभेच्या शेंड्याला लावत होती. नंतरच्यात जिभेच्या डाव्या बाजूला. त्यानंतरच्यात ती बोट ओलं करून काठाला लावत होती. अगदी शेवटच्यात "चालतंय" म्हणताना तिचा गाल आत ओढला जात होता. मी ते बहुतेक दुकानातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त वेळा पाहिलं होतं. मी खालचे आकडे बघत होतो.

जिभेच्या उजव्या कडेला फोड होता. ती भाकरी डाळीत कुस्करून गिळत होती आणि आम्हाला वाटायचं, दात गेले म्हणून. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि बाहेर येऊन मला समजावून सांगितलं. मी त्यांना विचारलं, "रंगाने झालं असेल का हो? साड्यांच्या?" ते म्हणाले, वर्षानुवर्षांची मिसरी पुरेशी आहे, रंगाचं काही सांगता येणार नाही. त्यांनी ते माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं असावं. मला त्यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात तिने मला जवळ बोलावलं. जड जिभेने म्हणाली, "कापून राह्यले म्हंतात. आता तुह्या मालाचं कसं व्हईल रे?" तिला स्वतःच्या जिभेबद्दल एवढंच विचारायचं होतं. मी म्हणालो, "मी फ्रीजचं दुकान टाकीन." ती हसली, आणि हसताना दुखलं म्हणून तिने गाल धरला. तिच्या तोंडून आलेलं ते शेवटचं धड वाक्य. उत्तरादाखल मी हा विनोद केला.

घरी आल्यावर ती पुन्हा उंबऱ्याशी बसू लागली. बोलणं गेलं होतं. तिने स्वतःच्या खुणा काढल्या. तळहात सरळ आडवा धरला की चालतंय. बोट डोळ्यापासून गालावर खाली आणलं की रडतंय. वस्तीतल्या बायांना ते लगेच कळलं. त्या तिच्याशी तशाच गप्पा मारायच्या, दोघींच्या वाटचं स्वतःच बोलायच्या. पण दुकान भरलेलं असायचं ते रील बघून आलेल्या लांबच्या लोकांनी, कारण जुनी रील्स फिरतच होती. दुकान तेवढं कधीच चाललं नव्हतं. लोक तिच्यापुढे फोन धरून म्हणायचे, "आजी, ते म्हणा ना, रडून राह्यलं." मी गल्ला सोडून धावेपर्यंत ती बोट डोळ्यापासून गालावर ओढून दाखवायची. लोक म्हणायचे, हं, हे पण भारी आहे. आणि हसून फोटो काढायचे. त्यांच्या हातातल्या फोनमधून तिचा खणखणीत आवाज येत असायचा, आणि ती मान वाकडी करून तो ऐकायची.

बाजारातले मित्र तेव्हा मला विचारायचे, "सुधाकरराव, ह्या इन्फ्लुएन्सरचा खर्चा केला तर खरंच फायदा होतो का?" मी सांगायचो, होतो, बिलकुल होतो. गिऱ्हाईक दारापर्यंत येतं. त्यांना वाटायचं मी पुढे काहीतरी गुपित सांगणार. मी चहा मागवायचो.

यंदाचा जयंतीचा माल आला तेव्हा तिने अंथरूण धरलं होतं. मी गठ्ठ्यातली एक साडी घरी नेली. खरं तर तिला काहीतरी काम द्यायचं म्हणून. तिने पाण्याच्या पेल्यात बोट बुडवलं, निळ्या काठावर फिरवलं आणि पदर हातात घेतला. घासायला जोर नव्हता, तर प्रज्ञाने तिचा हात धरून घासला. आत्याने पदर डोळ्यांपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मग तळहात आडवा धरला. तो खाली ठेवायचं ती विसरली आणि तशीच झोपली.

ती गेली ती जयंतीच्या थोडं आधी, सकाळी. अंगणात माणसं जमली. वंदना सुरू व्हायची होती. विहारातल्या थोरल्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुधाकर, पांढरं कापड आण." कापड आणायला मला कुठे जायचं होतं? स्वतःचंच शटर वर केलं. तिची जागा तशीच होती. मी फळीवरून निळ्या काठाची पांढरी साडी काढली, घडी उलगडली, आणि काठाचं टोक जिभेवर ठेवलं.

आयुष्यभर साड्या विकल्या, पण त्यांची चव मला पहिल्यांदा कळली. आधी खळ लागते, पिठूळ. मग एकदम कडू. इतकं कडू की डोळ्यांत पाणी येतं. हे ती रोज तोंडात घेत होती.

मी ओलं टोक अंगातल्या पांढऱ्या सदऱ्यावर घासलं. काही दिसलं नाही. पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. दुसरं टोक घेतलं. तोवर दोघं-तिघं मला शोधत दुकानाच्या पायरीशी आले होते आणि दुःखाने माणसाचं डोकं कसं फिरतं ते बघत उभे होते. त्यांच्या मागून प्रज्ञा आली. तिने माझ्या सदऱ्याकडे वाकून पाहिलं, छातीवरून बोट फिरवलं. मग तळहात आडवा धरला.