ताटाच्या पाण्यावरचे निंब

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, लेकीला आणायला मी पाचोऱ्याला गेलो होतो. उषाने पिशवी भरून ठेवली होती, जावई एस.टी.ची वेळ विचारून आला होता, आणि आम्ही चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात समोरचा टेलिफोन बूथवाला रस्ता ओलांडून आला. त्याने उषाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, जावयाला तेवढं बाजूला बोलावलं. मी म्हटलं, "जे असेल ते इथंच बोल. मी म्हातारा आहे, बहिरा नाही." मग तो म्हणाला, जळगावहून विद्यापीठातून फोन होता, अक्का गेल्या... जावई म्हणाला, कोणती अक्का? नात्यात अक्का पुष्कळ. पण मला कळलं. विद्यापीठाच्या टेकडीवर अक्का एकच होती, आणि ती माझी बायको होती.

इंदू तिचं नाव. इतका संसार झाला पण मी तिला नावाने हाक मारली नाही, 'उषानी माय' म्हणायचो. आज लिहिताना पहिल्यांदा घेतोय. मला लिहायची सवय नाही. शाळा मी लवकर सोडली आणि स्टिअरिंग धरलं. विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, आबा, तुम्ही सांगता तसंच लिहा, छापतील. म्हणून लिहितो. कोणाला आवडो न आवडो.

आमचं गाव शिंदखेड्याकडचं. विद्यापीठ नवीन निघालं तेव्हा मला तिथे पाण्याच्या टँकरवर नोकरी लागली आणि हिला मुलींच्या मेसमध्ये भाकरी करायची. मेसच्या मागची खोली राहायला मिळाली. टेकडी म्हणजे कशी, तर मुरूम आणि दगड. सावली पाहिजे असेल तर टँकरखाली जाऊन बसायचं. दर पावसाळ्यात कोणी मोठा माणूस येई, मेसमागच्या उतारावर झाडं लावली जात, फोटो निघत. उन्हाळ्यात झाडं वाळत. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी झाडं. इंदू म्हणायची, "खड्डा जुना, नवरदेव नवा. बठ्ठा टेकडीना पोऱ्या दरसाल बाशिंग बांधतस नि चैतमा मरतस." बठ्ठा म्हणजे सगळे.

एका वर्षी उतारावर निंब, म्हणजे कडुनिंब, लावले. या वेळी बांधकामाचे साहेब कंटाळले होते. ते मेसच्या दारात उभे राहून स्पष्ट बोलले, "पुढच्या पावसाळ्यापर्यंत ही जगली तर जगली. नाहीतर मी इथे फरशी घालतो. निदान गाड्या तरी उभ्या राहतील." ते मला पटलं. मी तसं म्हटलंही. पण इंदूच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. तिची चूल त्या उताराच्या तोंडाशी होती. दिवसभर खिडकीतून तेच दिसायचं. आधीच आत जाळ, आणि बाहेर फरशी तापली म्हणजे काय... रात्री जेवताना ती मला म्हणाली, "तुमना टँकरमातलं थोडंसं पानी दी टाका ना झाडसले."

मी नाही म्हटलं. टँकरचं पाणी पोरींच्या पिण्याचं. एक खेप कमी पडली की वरच्या मजल्यावरच्या पोरी तोंड न धुता वर्गात जायच्या. "झाडं काय परीक्षा देणार आहेत?" मी म्हटलं. ती रागावली नाही. म्हणाली, "बरं. मंग पोरीस्नं वापरेल पानी तरी कोठे जास ते सांगा." मी सांगितलं, नळीतून खाली नाल्यात. ती म्हणाली, "नाल्याले काय तहान लागेल शे?"

दुसऱ्या दिवशी तिने नळीचं तोंड फिरवलं. कुदळ घेऊन पाट काढला, पोरी मदतीला आल्या. कॉलेजातून आलेल्या पोरी, हाताला फोड आले तर एकमेकींना दाखवत होत्या. मेसचं सगळं धुण्याघासण्याचं पाणी निंबांकडे निघालं. गावाकडे आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर केळी वाढायची, पपई वाढायची. तिला वाटलं, पाणी ते पाणी. पण गावाला आम्ही भांडी राखेने घासत होतो. इथे घासायला धुण्याचा सोडा, आणि वर शेवभाजीचा तेलाचा तवंग. निंबांची पानं आधी पिवळी पडली, मग कडा जळल्यासारख्या झाल्या. पाटाच्या तोंडाशी असलेले निंब तर मुळापासून गेले. मॅडमनी माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, हा सोडा आहे. तहानेने नाही मेली ही." इंदू त्या दिवशी जेवली नाही. पोरी समजूत घालायला आल्या तर म्हणाली, "साहेब फरशी घालनार व्हतात ते उन्हाळामा. मी ते हिवाळामाच मारी टाकात."

मला वाटलं, आता संपलं. पण बाईमाणसाचं डोकं कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. आमच्याकडे श्रावणात घरात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचं जेवण भाऊबंदांनीच जेवायचं आणि त्यातलं काही वाया जाऊ द्यायचं नाही, असा आमच्या घराचा नेम. ताटात टाकायचं नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत सोडायचं नाही, अंगणात खड्डा करून त्यात ओतायचं, वर माती लोटायची. लहानपणापासून हे पाहिलेलं, पण देवीपुरतं. इंदूने ते मेसमध्ये आणलं. तेलाच्या मोठ्या भांड्यांचं पाणी तिने पुन्हा दूर दगडांत सोडलं. भांड्यांना राख सुरू केली. आणि पोरींना सांगितलं, ताट शेवटच्या घासाने पुसून खायचं, मग तांब्याभर पाण्यात ताट आणि हात धुवायचे, सोडा नाही, साबण नाही, आणि ते आपापल्या निंबापाशी बसून धुवायचे. प्रत्येकीला एक निंब नेमून दिला. निंब कमी आणि पोरी जास्त, म्हणून काही निंबांना दोन-दोन मालकिणी.

पोरी हसल्या. धुळ्याची एक पोरगी फार बोलकी होती. ती म्हणाली, "अक्का, रोज रोट काय? देवी कंटाळेल." इंदू म्हणाली, "देवी नही कंटायस. तुमीच कंटायतीस." ते खरंही झालं. पहिल्या हौसेनंतर काही पोरींनी ताटं पुन्हा मोरीत टाकायला सुरुवात केली. इंदू भांडली नाही. ज्या पोरीचा निंब कोरडा दिसे, तिच्या ताटात भाकरी वाढताना एवढंच विचारायची, "तू जेवी राह्यनी. तो काय खाई?" चारचौघींत असं विचारलं की पोरगी मुकाट्याने ताट घेऊन बाहेर जायची. ताट पुसून खायची सवय लागल्यावर खरकटंही कमी झालं. उरलंसुरलं एका खड्ड्यात जाऊ लागलं, त्याचं खत मॅडम वर्गात दाखवायला घेऊन जात. मुलांच्या वसतिगृहातले पोरगे बघायला आले. एक जण म्हणाला, आम्हीही करू. इंदू म्हणाली, "तुमी आधी ताटमाधली भाजी खायाले शिका, मंग झाडे लावा." तरी तिने त्यांना राख दिली, खड्डा कसा करायचा ते सांगितलं. त्यांचं काही दिवस चाललं, मग बंद पडलं, मग पुन्हा चाललं. पोरगे तसेच असतात.

खरी पंचाईत परीक्षा संपल्यावर झाली. ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरी घरी गेल्या. मेस बंद. ज्या महिन्यात झाडाला पाणी पाहिजे, त्याच महिन्यात टेकडीवर जेवणारं कोणी नाही, म्हणजे ताट धुणारं कोणी नाही. ऊन असं की दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. साहेब जाता जाता उताराकडे बघायचे. फरशीचे दगड येऊन पडले होते.

तेव्हा नव्या ग्रंथालयाचं काम चालू होतं. पिंपळनेरकडून आलेली मजूर माणसं बायकापोरांसह तिथेच पालं ठोकून राहत होती. त्यांच्या अंघोळीसाठी ठेकेदाराने टाकी दिली होती. इंदू त्यांच्या बायकांशी जाऊन बसली. काय बोलली ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून ती आणि त्या बाया मिळून तेच फरशीचे दगड एकेक उचलून निंबांपाशी नेऊन मांडायला लागल्या. दगडावर अंघोळीला बसायचं, मागे निंब. बायांसाठी दोन बाजूंनी गोणपाट बांधले. टाकीचं पाणी तेवढंच, फक्त अंघोळीची जागा बदलली. साबण लावायचा असेल तर खाली नाल्यापाशी, हा तिचा हुकूम. आणि हुकूम पहिल्यांदा माझ्यावर चालला. मला म्हणाली, "उद्यापासून तुमी आंग धुवाले आठे निंबपाशी बसा." मी म्हटलं, "विद्यापीठाच्या आवारात, उघड्यावर? लोक बघतील." ती म्हणाली, "देखू द्या. तुमनामा देखासारखं काय शे?" मजूर बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी बसलो. काय करणार.

पावसाच्या तोंडावर साहेब फरशी घालून घ्यायला माणसं घेऊन आले. दगड जागेवर नाहीत. उतारावर येऊन बघतात तर निंबांपाशी एकेक दगड आणि त्यावर कोणी ना कोणी अंघोळीला बसलेलं. निंबांना कोवळी तांबूस पालवी फुटलेली. गेलेले गेले होते, पण बहुतेक उभे होते. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही इथे न्हाणीघर केलंत का?" इंदू म्हणाली, "हा साहेब. तो कोपरामातला निंब रिकामा शे. तुमी बी बसा." साहेबांसोबतची माणसं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी वाकून एका निंबाची पालवी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "दगड राहू द्या तिथेच." एवढंच. फरशी झाली नाही.

त्यानंतर दरवर्षी इंदू जुन्या ओळीखाली नवी ओळ लावायची. जुने निंब उंच वाढले. त्यांच्या सावलीत पोरी पुस्तकं घेऊन बसायला लागल्या, दगड अंघोळीचे होते हे नव्या पोरींना ठाऊकही नाही. शिकून गेलेल्या पोरी नवऱ्याला, लेकराला घेऊन यायच्या आणि आपला निंब दाखवायच्या. ती धुळ्याची पोरगी मास्तरीण झाली. तिच्या शाळेतही मुलं डबा धुऊन झाडाला पाणी घालतात, असं तिने येऊन सांगितलं. इंदूने तिला विचारलं, "सोडा लावस का?" ती म्हणाली, नाही. "मंग ठीक शे." एवढीच शाबासकी.

गेली ती तशी सोपी गेली, असं लोक मला सांगतात. पोरींना वाढून झालं, छातीत कळ आली म्हणून निंबाखाली जाऊन आडवी झाली. पोरींनी ताटांनी वारा घातला. गाडी येईपर्यंत... मी तिथे नव्हतो. सोपी कशी ते मला माहीत नाही. माझ्यासाठी काही सोपं नाही.

उषा म्हणते, आबा, पाचोऱ्याला चला, आता तिथे एकटं काय करणार. मी टँकर केव्हाच सोडला, गुडघे गेले. मॅडमनी सांगून ठेवलंय म्हणून खोली अजून माझ्याकडे आहे. जायला हरकत नव्हती. पण हिवाळ्यात तिने लावलेली शेवटची ओळ अजून गुडघ्याइतकीच आहे, तिला हा पहिला उन्हाळा. पोरी घरी गेल्या आहेत. यंदा बांधकाम नाही, मजूर नाहीत. टेकडीवर रखवालदार आहे, तो डबा घरून आणतो आणि भांडी घरी नेतो. राहिलो मी. सकाळी त्या ओळीतल्या एका निंबापाशी बसून अंघोळ करतो, उद्या दुसऱ्यापाशी. एका माणसाच्या अंघोळीचं पाणी किती, आणि ओळ केवढी... मला कळतं ते. मेसच्या टाकीतून बादली भरून सरळ ओतली तरी विचारणारं कोणी नाही. पण तिने कधी ओतली नाही. पिण्याचं पाणी माणसाचं, वापरलेलं झाडाचं, हा हिशेब तिचा होता. तो मी कोण मोडणार.

अंघोळीचं जमतं. जेवणाचं जमत नव्हतं. ती गेल्यावर पहिल्या दिवसांत मी दोन-दोन दिवस चूल पेटवली नाही. मग एका दुपारी बाहेर गेलो तर कडेच्या निंबाने मान टाकली होती. तसाच आत आलो, पीठ मळलं. भाकरी जाड झाली, एका बाजूने करपली. चटणीशी खाल्ली, शेवटच्या घासाने ताट पुसलं, आणि तांब्या घेऊन त्याच्यापाशी जाऊन बसलो. आता रोज दोन्ही वेळा चूल पेटवतो. भूक नसते, तरी जेवतो. ताट धुवायचं तर आधी ते उष्टं व्हावं लागतं.