चतुराबाईंच्या घरातला मिक्सर

चतुराबाईंच्या घरात १९९४ साली मिक्सर आला, तो औषधाच्या कंपनीकडून. त्यांचा मुलगा बुद्धघोष निमगाव केतकीत नुकताच डॉक्टर म्हणून बसला होता. पुढच्या खोलीत दवाखाना, मागं स्वयंपाकघर. कंपनीचा माणूस अजित दर महिन्याला बारामतीहून मोटारसायकलवर यायचा. आधी पेनं दिली, मग भिंतीवरचं घड्याळ. एकदा तर त्यानं मिक्सरचं खोकं थेट चुलीशेजारीच आणून ठेवलं.

"मावशी, हे तुमच्यासाठी."

पाट्यावर वाटून वाटून चतुराबाईंचा खांदा धरायचा. मिक्सरमधलं पहिलं वाटण त्या बोटांवर घेऊन बघतच राहिल्या. इतकं मऊ! पण फुकट कोण कशाला देईल, हे काही त्यांना उमगेना. त्यांच्या लहानपणी वडील गावकीचं काम करायचे. दारोदारची भाकरी घरात यायची, आणि गावातून हाक आली की हातातला घास ठेवून पळावं लागायचं. बौद्ध झाल्यावर वडिलांनी ती भाकरी बंद केली. पोटाला चिमटा बसला, पण हाकही थांबली.

मिक्सरची हाक कुठून येते, ते त्या बघू लागल्या. दवाखान्यातून निघणाऱ्या बायांच्या हातात आताशा एकच लाल टॉनिक दिसायचं. कळस गावची रतन नुसत्या सर्दीसाठी आली होती, तिच्याही पिशवीत तेच.

"तिला ह्ये कशाला रं?"

"अशक्तपणा आहे, आई."

"मिक्सर नसता, तरी असता का अशक्तपणा?"

बुद्धघोषनं मान खाली घातली. "तो इतक्या लांबून येतो, समोर बसतो. नाही कसं म्हणायचं?"

पुढच्या खेपेला अजित आला तेव्हा पेशंटांची गर्दी होती. चतुराबाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला.

"बाळा, समदेच डाक्टर असं घेत्यात का रं?"

अजितला बोलायला आवडायचं. "तऱ्हा असतात, मावशी. हुबळीला होतो तिथं एकजण पेनसुद्धा घेत नव्हते. औषध पटलं तरच लिहायचे. सुरतेला एकजण मी बसायच्या आधीच विचारायचे, मला काय? आणि पुण्यातले एक तर सगळ्या कंपन्यांचं घेतात, लिहीत कुणाचंच नाहीत!"

"त्यो खरा वस्ताद!" चतुराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आन् आमचा?"

"सर लाजतात हो." फुंकर मारत अजित बोलून गेला, "लाजणारे डॉक्टर सगळ्यात जास्त लिहितात."

चतुराबाईंचं हसू ओसरलं. त्या उठल्या. भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी फिरवली, भांडं गच्च भरलं, झाकण लावलं आणि सगळं खोक्यात घालून त्याच्यापुढं ठेवलं.

"मावशी, रागावलात?"

"न्हाय रं. लई ग्वाड मशीन हाय." ते त्या मनापासून म्हणाल्या. "पर आमी ठिवून घेत न्हाय. भांडं रिकामं धाडू नये, म्हून चटणी."

गर्दी सरली तसा बुद्धघोष आत आला. खोकं बघून ओशाळला. "आई, अगं..."

"तू माझ्याकडं नगं बघू. त्येच्याकडं बघून बोल."

अजितनं विचारलं, "मग टॉनिकचं काय, सर?"

बुद्धघोष अजितकडं वळला. "ज्याला लागेल, त्याला लिहीन," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण मान वर होती.