सुकेळीचं शुद्धिपत्र

"पान क्रमांक?"

कुणी काहीही ठामपणे सांगितलं की सरांचा हा प्रश्न ठरलेला. कॅन्टीनवाला म्हणाला, "वडे संपले," तरी सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "पान क्रमांक?" तो बिचारा रिकामं पातेलं दाखवायचा. तेवढा पुरावा सरांना चालायचा.

आमच्या विद्यापीठाच्या वसईतल्या ग्रंथालयात जुने प्रबंध आणि फोटो स्कॅन करून इंटरनेटवर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सर भूगोल विभागातून निवृत्त झाले होते. तरी रोज येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. जुन्या फोटोंतल्या माणसांची नावं सांगायचे आणि जरा शंका आली की म्हणायचे, "लिहू नका." असा मदतनीस किती सोयीचा असतो, हे तुम्ही जाणताच. माझे निम्मे फोटो त्यांच्यापायी बिननावाचे राहिले.

सरांचा स्वतःचा प्रबंध वसईच्या केळीबागांवर होता. कपाटात होता तोवर कुणी उघडला नाही. डिजिटल संग्रहात चढवला आणि लोक घरबसल्या वाचू लागले. सर इतके खूश, की मला चहा पाजला. एरवी पाजत नसत.

मग एका सकाळी राजोडीकडची एक आजी नातीला घेऊन आली. नात आमचीच विद्यार्थिनी. आजीच्या हातात केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी होती. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, ती.

"केळीवाले सर कोनते?"

सर उठून उभे राहिले.

"हिनं मोबाईलवर वाचून दाखवलं. आमच्या गावात सुकेळी आता कोनी करत नाय, असं लिवलंय तुमी. मंग मी काय मेले?"

"पान क्रमांक?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

नातीनं सांगितला. वर म्हणाली, "सर, मी आजीची सुकेळी ऑनलाइन विकायला काढली. कस्टमर तुमचं पान पाठवतात. म्हणतात, तिथे तर बंद झाली, मग ही कुठून आणली?"

सर हळूच बसले. "तुमचं घर कुठलं?"

"शेवटचं. विहिरीच्या पल्याड."

"तिथे कुत्रा होता," सर म्हणाले. "मी तिथूनच परत फिरलो."

त्या दिवसापासून सरांनी माझा पिच्छा पुरवला. ते पान बदला म्हणाले. मी सांगितलं, मान्य झालेल्या प्रबंधातलं अक्षरही बदलता येत नाही. "मग शुद्धिपत्र जोडा. जुन्या पुस्तकांत चिकटवत नसत का?" विद्यापीठाला विचारलं. उत्तर आलं, उद्या सगळेच दुरुस्त्या करत सुटतील.

"सुटू देत की!" सर म्हणाले.

तोवर त्यांच्या हातात काठी आली होती. जिना चढताना मध्ये दोनदा थांबत. आता हे लवकर उरकायला हवं, एवढं मला कळलं. प्रबंध उघडण्याआधी त्याची थोडक्यात माहिती दिसते. ती लिहिणं माझ्या हातात होतं. सरांना म्हटलं, तुमचं शुद्धिपत्र तिथे टाकते.

त्यांनी लिहून दिलं: "या गावात सुकेळी बंद झाली, हे माझं विधान चूक आहे. ती आजही होते. दारात मोकळा कुत्रा असल्यामुळे मी शेवटच्या घरी गेलो नाही."

"सर, कुत्रा गाळू या. लोक हसतील."

"कारण दिलं नाही, तर ती सारवासारव होते, बाई."

कुत्रा राहिला. सरांनी पडद्यावर मजकूर दोनदा वाचला आणि काठी घेऊन घरी गेले. पुढची सुकेळी वाळायच्या आत सर वारले.

आजीला ते ठाऊक नव्हतं. ती नवी सुकेळी घेऊन सरांना विचारत आली. मी सांगितलं, तशी ती बाकावर टेकली. मग मी तिला पडद्यावरचं वाचून दाखवलं.

"म्हाईत हाय. हेच दाखवते नात गिऱ्हाईकाला," ती म्हणाली. "आता कोनी इचारत नाय." सुकेळीचं बांधलेलं सोपट तिनं माझ्या टेबलावर ठेवलं आणि आवाज खाली आणला. "पन एक सांगू? तो कुत्रा मोकळा नव्हता. जन्मभर बांधलेला."

मी दचकून खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. नाहीतर दुसरं शुद्धिपत्र लागलं असतं.