आईला दोन राण्या आल्या तेव्हा

माझं नशीब खराब आहे हे सिद्ध करायला मी गेल्या पावसाळ्यात जेवढी मेहनत घेतली, तेवढी बोटीवर आजवर कधी घेतलेली नाही.

आमचा कोळीवाडा आगरदांड्याच्या अलीकडे. पावसाळ्यात मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारायची, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघत बसायचं. तर असा बसल्या बसल्या मी मोबाइलवर पोकर खेळायला लागलो. (पैशांचा नव्हे हो! फुकटच्या, खोट्या चकत्यांचा, म्हणजे चिप्सचा.) खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी, ज्याची जुळणी भारी त्याला डावात लावलेल्या सगळ्या चिप्स. आपलं जमत नाही असं वाटलं तर पानं टाकायची आणि गप बसायचं. यातलं गप बसणं मला जमत नव्हतं.

रोज हरायचो आणि रोज बोंब मारायचो, "नशीबच फुटकं आमचं!"

आमचे बाबा बोटीचे तांडेल. पण गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून त्या नारळी पौर्णिमेला सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्यायचं त्यांनी ठरवलेलं. एक तर मी, नाही तर धाकटा विलास. बोटीचा नारळ दर्याला जो वाहील तो नवा तांडेल. मी थोरला! पोरवयापासून त्या सुकाणूवर माझा जीव. मनातल्या मनात मी तो नारळ कितीदा वाहिला असेल, एकवीरा आईलाच ठाऊक.

एक दिवस माझी बोंब ऐकून बाबांनी विडी विझवली.

"जना, जाळं रिकामं आलं तर आदी काय करायचं?"

"शेजारच्या बोटीला हाक मारायची."

"कशापायी?"

"त्यांचंबी रिकामं असंल तर दर्या रुसलाय. त्यांचं भरलेलं असंल तर आपला हात चुकला."

"मंग मोबाइलात कोनाला हाक मारतोस? नुसता नशिबाला शिव्या घालतोस! आपला हात कुठं चुकला त्ये ज्याला कळत न्हाय, त्याला मी सुकानू देनार न्हाय. बोटीवर मानसं असतात, चिपा न्हाय."

मी हबकलोच. म्हणजे एका फुकट्या खेळापायी माझी तांडेलकी जाणार? तिथल्या तिथे मी चंग बांधला. माझा हात चुकत नाही, नशीबच खोटं आहे, हे बाबांना पटवूनच दाखवायचं. मग काय वाटेल ते होवो!

पहिली धावून आली आई. "पोराला कुनाची तरी नजर लागली हाय," असं म्हणून तिने मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. माझ्यावरून ओवाळल्या, मग विचार करून मोबाइलवरूनही ओवाळल्या. ("ह्याच्यातच बसलीय मेली!") आणि मूठ चुलीत टाकली. नजर लागलेली असेल तर मिरचीचा ठसका लागत नाही म्हणतात. इथे तर अख्खं घर खोकायला लागलं! बाबा खोकत अंगणात, विलास खोकत मोरीत. खोकता खोकता माझा अंगठा भलत्याच जागी पडला आणि पानं न बघताच माझ्या सगळ्या चिप्स डावात गेल्या. डोळे पुसून बघतो, तर मी जिंकलेलो!

"बघा! नजर उतरली, नशीब फिरलं!" मी अंगणात धावलो.

बाबा खोकला आवरत म्हणाले, "म्हंजी तुझा आंगठा तुझ्यापक्षी बरा खेळतो."

आता मात्र मी हट्टालाच पेटलो. म्हटलं, बाबांचीच रीत वापरू. शेजारच्या बोटी हव्यात ना? या! त्या ॲपमध्ये घरच्यापुरता डाव मांडता येतो. आई, माझी बायको सुगंधा, विलास आणि मी, चौघे चार मोबाइल घेऊन ओटीवर बसलो. बाबा खुर्चीत, पंच म्हणून. सगळ्यांना खेळ समजावून सांगितला मीच. (हेही माझ्याच खात्यात लिहा.)

आईची एक अडचण होती. तिला मनात वाचता येत नाही. देवाची पोथी असो की औषधाची बाटली, ती मोठ्यानेच वाचते. पानं आली तशी तिने मोबाइल लांब धरला आणि शेजारच्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं,

"अगो बाय! मना दोन रान्या आल्यात!"

"आई, सांगायचं नसतं!" विलास ओरडला.

"का? चोरून आनल्यात व्हय?"

मधल्या पाचांपैकी तीन पानं उघडली. राणी, एक्का आणि चौकटची दुर्री.

"तिसरी पन आली! तीन सवती झाल्या!" आई खूश.

विलासने पानं टाकली. सुगंधाने टाकली. माझ्या हातात एक्का होता. मधे एक्का. म्हणजे एक्क्यांची जोडी! आता तीन राण्या एक्क्यांच्या जोडीला खातात हे मला माहीत होतं. मीच शिकवलेलं. पण माझं डोकं धावायला लागलं. आईने चष्मा कुठे लावलाय? गुलामालाही लांब केस असतात. गोरा, गुबगुबीत, हातात काहीतरी धरून उभा. आई गुलामालाच राणी समजली असणार! म्हणजे तिच्याकडे नुसती गुलामांची जोडी, आणि माझे एक्के भारी!

"अवो, टाका पानं," सुगंधा हळूच म्हणाली. "आत्या सांगतायत ना!"

"तू गप. हा अनुभवाचा खेळ आहे."

मी सगळ्या चिप्स लावल्या.

"मी काय करू?" आईने विचारलं.

"तू पण लाव!" मीच सांगितलं. वर ते बटणही मीच दाखवलं!

उरलेली पानं उघडली. कामाचं एकही नाही. मग आईची पानं उघडी झाली. दोन राण्या. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"बाईमानूस वळखता येत न्हाय व्हय मना?" आई म्हणाली.

आणि माझ्या तोंडून, सवयीने, निघून गेलं, "नशीबच फुटकं!"

ओटीवर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबांनी शांतपणे विचारलं, "जना, तिच्याकडं काय हाय त्ये तिनं सांगितलं व्हतं?"

"व्हय."

"बाकीच्या दोन बोटी माघारी फिरल्या, त्या दिसल्या?"

"व्हय."

"मंग ह्याच्यात नशीब कुठं आलं?"

पावसाळाभर मी सगळा दोष नशिबावर टाकला होता आणि आता स्वतःचा चुकलेला हात समोर आला तर तो गिळवत नव्हता. खरं सांगतो, रडू फुटायचंच बाकी होतं. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या जिंकलेल्या चिपा घे पायजे तर." त्याने तर आणखीच वाईट वाटलं.

नारळी पौर्णिमेला नारळ विलासने वाहिला. मी बाजूला टाळ्या वाजवत होतो, मनापासून, म्हणजे निम्म्या मनापासून. बोट पाण्यात गेली, पहिल्या फेरीला निघालो, आणि खाडीच्या तोंडाशी विलासने मला अदबीने विचारलं, "दादा, तुला काय वाटतं, मासळी कुठं असंल?"

माझी छाती फुगली. धाकटा असला तरी मान ठेवतो! मी दर्याकडे बघितलं, वारा हुंगला आणि ठासून सांगितलं, "उत्तरेला. डोळे मिटून जा!"

त्याने मान डोलावली आणि बोट दक्षिणेला वळवली.

तेव्हापासून तो रोज विचारतो, मी रोज छातीठोक सांगतो, तो रोज उलटा जातो आणि जाळं भरून येतं. आता मला बरं नसलं तर तो बोटच सोडत नाही. बंदरावर सगळे त्याच्या हाताची तारीफ करतात. करू देत. पण असा भाऊ मिळायला नुसता हात चांगला असून भागत नाही हो, त्याला नशीबच लागतं!