वेणीची सावली

छातीचा फोटो वाचायला मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. सत्तरच्या दशकात जालन्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी एक्स-रे काढत असे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, आणि ओली फिल्म खिडकीशी धरून मला दाखवत. हवेनं भरलेलं फुप्फुस काळं दिसतं, आजार पांढुरका. क्षयाचा डाग बहुधा वरच्या बाजूला, गळ्याखालच्या हासळीच्या हाडापाशी, पिंजलेल्या कापसासारखा. "पण बायांची वेणी आधी वर बांधायला लाव," असं ते दर वेळी बजावत. तेल लावलेली जाड वेणी खांद्यावर आली की नेमकी तिथंच सावली पडे आणि धडधाकट बाई क्षयाची ठरे.

दोन-तीन वर्षांत मी डॉक्टर यायच्या आधीच निदान सांगून मोकळा होऊ लागलो. शिंगं फुटली होती मला, दुसरं काय!

माझी थोरली बहीण, अक्का, केदारखेड्याला दिली होती. आई लवकर गेल्यामुळे मला तिनंच वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा मी आठवीत होतो, आणि त्यानंतर घरी जावंसंच वाटेना. डोळे मिटले की ती चुलीपुढं बसलेली दिसे, पाठीवर ती लांबलचक वेणी.

एकदा ती सासऱ्यांबरोबर दवाखान्यात आली. दोन महिने खोकला हटत नव्हता. सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर काढायचा नाही ही त्यांच्या घरची रीत, आणि ते तर दारातच उभे.

"जल्दी करा पाव्हणं, भोकरदनची गाडी निघून जाईल."

मी पदरासकटच फोटो काढला. फिल्म धुतली तर उजवीकडं वर पुसट पांढरं. मला हसूच आलं. अक्काची वेणी! खरं सांगतो, ती सावली बघून मला क्षणभर आनंद झाला होता. दुसरा फोटो काढायला हवा होता. पण गाडीची घाई होती, फिल्मा मोजक्या होत्या, आणि मला तर सगळंच कळत होतं. 'वेणीची सावली, छाती साफ' अशी चिठ्ठी लिहिली आणि खोकल्याची बाटली देऊन तिला लावून दिलं. डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवला.

चार महिन्यांनी ती परत आली, हाडं निघालेली, थुंकीतून रक्त पडत असलेली. या वेळी मी सासऱ्यांना बाहेर बसवलं. तिनं पदर खाली घेतला. मानेवर घट्ट, इवलासा अंबाडा होता. फिल्मवर त्याच जागी डाग पसरला होता आणि त्याच्या मधोमध पोकळी पडली होती. ती माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"मागच्या फोटूतबी व्हतं का रे हे?"

"व्हतं. मला वाटलं, तुझी वेणी."

"लगीन झाल्यापासून अंबाडाच घालते मी," ती हळूच म्हणाली. "वेणी कुठली आता?"

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "काय निघालं? मागं तर साफ म्हणले व्हते!"

मी तोंड उघडायच्या आत तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती दाराशी गेली.

"तवा काहीच नव्हतं, मामंजी. आता झालंय. माझ्या भावानं जल्दी ओळखलं, म्हणून बरं."

सुया, गोळ्या सगळं सुरू झालं, पण आजार फार पुढं गेला होता. दर रविवारी मी माफी मागायची असं ठरवून केदारखेड्याला जाई, आणि ती खाटेवरूनच विचारी, "जेवलास का रे?" मी जेवून परत येई. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

माझ्यावर तिनं एकदा तरी चिडायला हवं होतं. "मला बघितलंच न्हाई का रे तू?" एवढंच म्हणायला हवं होतं. ते ऐकायला मी या म्हातारपणीही आसुसलेला आहे.