तिच्या नावापुढचा नव्याण्णव

"आजोबा, नाव बघू नका. नाव नुसतं दिसायला असतं. कॉम्प्युटर कोड वाचतो."

नायगावला आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचं ऑफिस आहे, तिथली मॅडम बोलली. बायको जाऊन तेवीस दिवस झाले होते. तिच्या नावापुढे मयत लावायचं, खाली मी सही करायची, मग टॉवरमधल्या खोलीची चावी. एवढंच काम.

मॅडमनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. घरातल्या माणसांच्या ओळी. शेवंती. पुढे आकडे. मी चौथीपर्यंत शिकलोय, आकडे कळतात.

"हा नव्याण्णव कसला?"

"कामाचा कोड. नव्याण्णव म्हणजे काही काम नाही."

डोकं सणकलं. म्हटलं, "ती खानावळ चालवायची. चाळीस वर्षं. दोन्ही टायमाला पंधरा-वीस गडी जेवायचे. खानावळ टाका."

तिनं यादी वरखाली केली. "शिंपी आहे, ड्रायव्हर आहे. खानावळ नाहीये. हॉटेल मालक टाकू?"

बाजूच्या टेबलावरचा साहेब हसला. "टाक ना. आजी फाइव्ह स्टार होत्या म्हणावं."

दोघं हसली. मी म्हटलं, मग नावापुढे हातानं लिहा.

"लिहून काय उपयोग? मशीन ते वाचणारच नाही. आणि आजोबा, सर्व्हेला हे तुम्हीच सांगितलंय. ही बघा सही."

सही माझीच होती.

आठवलं. सर्व्हेवाली पोरगी दारात उभी. "आजी काय करतात?" शेवंती आत भाकऱ्या थापत होती. परातीत सतरा जणांचं पीठ. मी दारात खुर्ची टाकून बसलेलो. बोललो, "ती काय करणार? घरीच असते."

आत थापायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

गिरणी बंद पडली तेव्हा मी घरी बसलो. ती नाही बसली. तिच्या भाकरीवर मी जगलो, दोन पोरं वाढली. गिरणीत मी बिल्ल्याचा नंबर होतो. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नंबरानंच हाक मारायचा. तिच्या पंगतीत नंबर नव्हता. तिला अक्षर येत नव्हतं, पण गोपाळला तिखट सोसत नाही, रामाची दाढ दुखते, त्याची भाकरी आमटीत कुस्करून द्यायची, सगळं डोक्यात. "आधी जेव रे मेल्या, मगे बोल," असं ओरडायची. दिवसभर नंबर होऊन राबलेली माणसं तिच्याकडे नावानं जेवायची.

आणि तिला नंबर कोणी लावला? यादी त्यांची. तोंड माझं.

मॅडमनं पेन पुढे केलं. "सही करा आजोबा, मागे लाइन आहे."

पेन टेबलावर ठेवलं. "नाही करणार."

"चावी अडकेल हां तुमची."

"अडकू दे."

त्यानंतर चार अर्ज दिले. उत्तर एकच. यादी वरून येते, आमच्या हातात नाही. थोरला फोनवर ओरडला, "बाबा, आई गेली. आता एका आकड्यासाठी सगळ्यांना लटकवताय?" आई घरीच असते, हे त्यालाही मीच शिकवलं.

मजल्यावर दोन बिऱ्हाडं उरलीत. बाकीच्या दारांना कुलपं. तिची परात अजून भिंतीला टेकून उभी आहे. यादी बदलणार नाही, मला ठाऊक आहे. माझ्या हयातीत तर नाहीच.

सोमवारी पाचवा अर्ज नेणार. पहिल्या चार अर्जांत मी त्यांची चूक लिहिली. यात आधी माझी लिहिलीय. 'सर्व्हेला मी खोटं बोललो. माझी बायको शेवंती खानावळ चालवायची.' मशीन वाचो, न वाचो.

खोलीतून उचलून बाहेर काढतील. काढू दे. त्या नव्याण्णवखाली माझी एक सही आहे. दुसरी मिळणार नाही.